शेवट ठाऊक नसलेला साक्षीदार

२० जुलै १९४२, सकाळचे साडेसात. वॉर्सा घेट्टोतल्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, ज्यू परिषदेचे अध्यक्ष आडाम चेर्निआकुफ गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, कचेरीत पोचले. घेट्टोतली माणसं आता हलवणार, अशी कुजबुज सगळीकडे होती. ती खरी का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पहिला अधिकारी म्हणाला, माझ्या कानावर काही नाही. दुसऱ्यालाही काही माहीत नव्हतं. तिसऱ्याने, हे माझं खातं नव्हे, म्हणून हात झटकले. चौथ्याने तर आश्चर्यच दाखवलं. ‘भीतीचं कारण नाही, असं लोकांना सांगू का?’ या प्रश्नावर त्याचं उत्तर होतं, खुशाल सांगा, हा सगळा खुळचटपणा आहे. चेर्निआकुफनी तसं जाहीर करायला लावलं. दोनच दिवसांनी, २२ तारखेला सकाळी दहा वाजता, ह्योफ्ले नावाचा अधिकारी हुकूम घेऊन आला. दुपारी चारपर्यंत सहा हजार माणसं हजर करा, आणि यापुढे रोज किमान एवढी. २३ तारखेला चेर्निआकुफनी आत्महत्या केली.

सकाळी साडेसातला सुरू झालेली ही दारोदारची विचारपूस आपल्याला कळते ती चेर्निआकुफांच्या रोजनिशीच्या वह्यांमुळे. तोंडी मारलेली थाप दप्तरी लागत नसते. हद्दपारीचा हुकूम कागदावर येतो, आगगाडीचं वेळापत्रक येतं, मोजदाद येते. ‘काही होणार नाही’ असं सांगून लोकांना दोन दिवस गाफील ठेवलं, याचा कागद मात्र कोणी करत नाही. आणि छळाच्या यंत्रणेचा निम्मा डोलारा याच थापेवर उभा असतो.

संग्रहालयांत, पाठ्यपुस्तकांत आणि बऱ्याचदा विद्यापीठांतही एक उतरंड ठरून गेलेली आहे. सरकारी कागद म्हणजे पुरावा, रोजनिशी म्हणजे ‘हृदयस्पर्शी’ पुरवणी. आकडे फायलीतून घ्यायचे आणि डोळे ओले करायला रोजनिशीचा उतारा चौकटीत टाकायचा. ही वाटणी चुकीची आहे. छळाच्या इतिहासात सरकारी फाईल ही आरोपीने स्वतः लिहिलेली असते. काय नोंदवायचं, काय नाही, कशाला काय नाव द्यायचं, हे सगळं त्यानेच ठरवलेलं असतं. तिच्यावर भिस्त ठेवू नये असं नव्हे, पण एकट्या तिच्यावर ठेवली तर पंचनामा आरोपीच्याच हातून लिहवून घेतल्यासारखं होतं.

गंमत अशी, की छळणाऱ्याची रोजनिशी पुढे आली तर तिला पुरावा मानताना कोणी कां-कूं करत नाही. व्याप्त पोलंडचा नाझी गव्हर्नर-जनरल हान्स फ्रँक याने मे १९४५ मध्ये अटक होताना आपल्या कामकाजाच्या रोजनिशीचे सुमारे चाळीस खंड अमेरिकनांच्या हवाली केले. नाझी पुढाऱ्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात ते त्याच्याच विरुद्ध वाचले गेले. ‘ही तर व्यक्तिनिष्ठ आहे’ हा आक्षेप तिथे आडवा आला नाही. तो आक्षेप बहुधा छळ सोसणाऱ्याच्या वहीसाठी राखून ठेवलेला असतो.

मराठी इतिहाससंशोधनाची घडणच एका भांडणातून झाली. बखर मोठी की अस्सल कागद? बखर नंतर लिहिलेली, शेवट ठाऊक असलेली, कोणाच्या तरी सांगण्यावरून रचलेली. अस्सल चिठोरं त्या दिवशीचं. चिठोऱ्यापुढे बखरींचं बहुमत टिकत नाही, हा दंडक राजवाड्यांच्या पिढीने घालून दिला. तोच इथे लावून पाहावा. छळातून वाचलेल्या माणसाच्या आठवणी, वीस-तीस वर्षांनी घेतलेल्या मुलाखती, आत्मचरित्रं यांचं मोल मोठं आहे, पण जातकुळी बखरीची आहे. सांगणाऱ्याला पुढचं ठाऊक असतं, त्यामुळे मागचं आपोआप त्या दिशेने मांडलं जातं. १९३५ मधली साधी गोष्टसुद्धा १९४५ च्या उजेडात ‘तेव्हाच कळून चुकलं होतं’ अशी दिसायला लागते. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचा पत्ता नसतो. तिचं मोल तिच्या भावनेत नाही, या अज्ञानात आहे.

व्हिक्टर क्लेम्पेरर यांच्या नोंदी वाचताना हे लख्ख दिसतं. ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात ते फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक होते. ज्यू म्हणून १९३५ मध्ये त्यांची नोकरी गेली. पत्नी एव्हा ज्यू नसल्यामुळे हद्दपारी लांबत गेली, आणि या काळात ते लिहीत राहिले. २ जून १९४२ रोजी त्यांनी आपल्यावरच्या बंदींची यादी क्रमांक घालून केली. ती तीसच्या वर गेली. रेडिओ नाही, टेलिफोन नाही, वर्तमानपत्र विकत घ्यायचं नाही, तंबाखू नाही, फुलं विकत घ्यायची नाहीत, न्हाव्याकडे जायचं नाही, टंकलेखन यंत्र जमा करायचं, सायकल जमा करायची, घरात कुत्रं-मांजर पाळायचं नाही. क्लेम्पेररांची मांजर त्याआधीच, मे महिन्यात, मारवावी लागली होती.

यातली एकेक बंदी शोधायला गेलं तर कुठे राजपत्रातला हुकूम सापडतो, कुठे एखाद्या नगरपालिकेचं फर्मान, कुठे नुसता तोंडी निरोप. ते सगळे एकाच माणसाच्या अंगावर एकाच आठवड्यात कसे साचत गेले, हे कुठल्याही फायलीत दिसत नाही. फाईल खात्यानुसार लागते, माणूस दिवसानुसार जगतो. क्लेम्पेररांनी स्वतःच एका ठिकाणी या छळाला डासांच्या चाव्यांची उपमा दिली आहे. डोक्यावरच्या एका घावापेक्षा हजार चावे वाईट, आणि आपण ते चावे टिपून ठेवतो आहोत. छळ एका रात्रीत येत नाही, तो हप्त्याहप्त्याने येतो, आणि त्या हप्त्यांचा खातेउतारा रोजनिशीइतका नेमका दुसरीकडे मिळत नाही.

आता मोठा आक्षेप. रोजनिशीत चुका असतात. अफवा असतात. आकडे फुगलेले किंवा आक्रसलेले असतात. हे शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच ती नीट वाचायला शिकलं पाहिजे.

चेर्निआकुफांच्या वहीत रोज सहा हजार माणसांचा आकडा आहे. २८ जुलै १९४२ रोजी जर्मन वाहतूक मंत्रालयातले सचिव गान्त्सेनम्युलर यांनी हिमलरचा सहायक कार्ल वोल्फ याला लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे, की २२ जुलैपासून वॉर्साहून माल्किन्यामार्गे त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीला रोज एक गाडी पाच हजार ज्यूंना घेऊन जाते आहे. एक कागद छळ सोसणाऱ्याचा, दुसरा छळणाऱ्याचा. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. तारीख तंतोतंत जुळते, आकडा जुळत नाही. कच्चा वाचक इथे ‘विसंगती’ म्हणून अडखळतो. पण एक आकडा मागणीचा आहे, दुसरा गाडीचा. हुकूम किती माणसांचा निघाला आणि रेल्वेने किती माणसांची गाडी धरली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही कागदांत एकच आकडा असता तर उलट कोणी तरी दुसऱ्यावरून उतरवून घेतल्याचा संशय घ्यावा लागला असता. मेलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही, हे वकिलांचं म्हणणं बरोबर आहे. पण त्याच्या कागदाचा ताळा घेता येतो, आणि तो कित्येकदा उलटतपासणीपेक्षा कडक असतो.

अफवांचंही तसंच. १६ मार्च १९४२ च्या नोंदीत क्लेम्पेरर लिहितात, की ऑशविट्झ (की असंच काहीतरी) नावाची अतिशय भयंकर छळछावणी असल्याचं कानावर आलं आहे. नाव धड ऐकलेलं नाही, तिथे खाणीत काम आणि काही दिवसांत मृत्यू, एवढंच ऐकीव. छावणीचा इतिहास लिहायला ही नोंद निरुपयोगी आहे. पण ड्रेस्डेनमध्ये कोंडलेल्या, रेडिओ आणि वर्तमानपत्र हिरावून घेतलेल्या माणसापर्यंतही मार्च १९४२ मध्ये ते नाव पोचलं होतं, हे सिद्ध करायला हिच्यासारखा दुसरा पुरावा नाही. ती ‘की असंच काहीतरी’ची शंका नोंदीची तारीख पक्की करते. पुढे ते नाव जगाला इतकं पाठ झालं, की नंतर लिहिणाऱ्याच्या हातून ही अडखळ सुटलीच नसती.

याच्या जोडीला लाउबाख या छोट्या गावातल्या न्यायखात्यातले कर्मचारी फ्रीडरिश केलनर यांची वही ठेवावी. ते ज्यू नव्हते, कोणी बडे अधिकारीही नव्हते. २८ ऑक्टोबर १९४१ च्या नोंदीत, रजेवर आलेल्या एका सैनिकाने ज्यू स्त्री-पुरुषांना खंदकासमोर उभं करून गोळ्या घातल्याचं पाहिलं, ते त्यांनी टिपलं आहे. युद्धानंतर ‘आम्हाला काहीच माहीत नव्हतं’ हे वाक्य जर्मनीत घरोघरी म्हटलं गेलं. ते खोडायला मंत्रालयाच्या फायली उपयोगाच्या नाहीत, कारण मंत्रालयाला माहीत होतं याबद्दल वाद नव्हताच. प्रश्न गावातल्या माणसाचा होता, आणि उत्तर गावातल्याच माणसाच्या दहा वह्यांत निघालं.

म्हणजे रोजनिशीला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. ‘एकूण किती मारले?’ हा तिला विचारायचा प्रश्न नव्हे. कोणाला, कधी, कोणत्या वाटेने, किती कळलं होतं? कोणती बंदी कोणत्या दिवशी प्रत्यक्षात लागू झाली? शेजारी कधी बोलायचे थांबले? पावाचा वाटा कागदावर किती होता आणि हातात किती पडला? या प्रश्नांना ती उत्तम उत्तरं देते. लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं आणि स्वतः तर्क केलेलं, अशा तीन थरांत प्रत्येक नोंद वेगळी करावी. पहिल्या थराला पूर्ण वजन द्यावं. दुसऱ्याला ‘त्या दिवशी असं बोललं जात होतं’ एवढंच वजन. तिसरा थर वाचायला सगळ्यात मोहक असतो आणि पुरावा म्हणून सगळ्यात कमी कामाचा.

खरी नासाडी होते ती मूळ वही आणि वाचक यांच्या मध्ये.

ॲमस्टरडॅममध्ये नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे असं आपण धरून चालतो, पण तिच्या मजकुराचे थर फार थोड्यांना माहीत असतात. वाढदिवसाला, १२ जून १९४२ रोजी, मिळालेल्या वहीपासून सुरू झालेली मूळ रोजनिशी हा पहिला पाठ. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून डच रेडिओवर परागंदा डच सरकारचे मंत्री बोल्केस्टाइन यांनी लोकांना आपापली पत्रं आणि रोजनिश्या जपून ठेवायला सांगितल्या. ते ऐकून तिने मे महिन्यात प्रकाशनाच्या इराद्याने सगळं पुन्हा लिहायला घेतलं. दोनशेहून अधिक सुट्या पानांवरचा तो दुसरा पाठ. वडिलांनी दोन्ही जुळवून, काही गाळून १९४७ मध्ये छापलं, तो तिसरा. तिन्ही पाठ शेजारी शेजारी छापलेली चिकित्सक आवृत्ती यायला १९८६ साल उजाडलं. वडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मधल्या चाळीस वर्षांत नाझी अत्याचार नाकारणाऱ्यांनी नेमकी याच फटीत पाचर मारली.

बॉलपेनचा किस्सा तर अभिलेखागारात काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायला हवा. १९८० मध्ये जर्मनीच्या केंद्रीय गुन्हे तपास खात्याच्या एका त्रोटक अहवालात सुट्या पानांमध्ये बॉलपेनची शाई असल्याचा उल्लेख आला. बॉलपेन बाजारात रुळला तो युद्धानंतर, तेव्हा रोजनिशी बनावट, असा गिल्ला सुरू झाला. तपासाअंती निघालं ते असं, की बॉलपेनचा मजकूर होता दोन सुट्या चिठ्ठ्यांवर. त्या रोजनिशीचा भाग नव्हत्या, पुढे हस्ताक्षर तपासताना कागदांत राहून गेल्या होत्या. आपल्या अहवालाचा आधार घेऊन रोजनिशीवर शंका घेता येणार नाही, असा खुलासा त्या खात्याने केला, पण तो २००६ मध्ये. दोन चिठ्ठ्यांची किंमत सव्वीस वर्षं! मूळ कागदात आपला कागद कधीही ठेवायचा नाही, खूण म्हणूनसुद्धा नाही, हा नियम कंटाळवाणा वाटतो तो अशा प्रसंगांपर्यंतच.

बनावट रोजनिश्या असतात का? असतात. ‘श्टेर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून साठहून अधिक वह्या सुमारे ९३ लाख मार्क मोजून घेतल्या आणि १९८३ मध्ये त्या जाहीर केल्या. त्या कोन्राड कुयाऊ नावाच्या बनावटगाराने लिहिल्या होत्या. फसगत कुठे झाली, ते पाहण्याजोगं आहे. हस्ताक्षर तपासायला जे ‘अस्सल’ नमुने तज्ज्ञांपुढे ठेवले, त्यांतले काही त्याच कुयाऊने केलेले होते, त्यामुळे अक्षर जुळणारच! प्रयोगशाळेत कागद अतिनील दिव्याखाली धरल्यावर तो चकाकला. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालायचं जे रसायन होतं, ते कागदउद्योगात युद्धानंतर आलेलं होतं. शिवाय मजकूर हिटलरच्या भाषणांच्या छापील संग्रहावरून उचललेला, आणि त्या संग्रहातल्या चुकांसकट उचललेला. खऱ्या रोजनिशीच्या चुका तिच्या स्वतःच्या असतात, बनावट रोजनिशी दुसऱ्याच्या चुका करते. बनावट मालाला मोठ्या नावाचा आणि मोठ्या पैशाचा वास लागतो, हेही इथे नमूद करायला हवं. पावाच्या तुकड्याची आणि पायातल्या फाटक्या बुटांची नोंद खोटी लिहून कोणाला फारसं काही मिळत नाही.

रोजनिशीची खरी उणीव वेगळीच आहे, आणि तिच्या बाजूने बोलणारे ती नेहमी गिळून टाकतात. रोजनिशी लिहायला अक्षर लागतं, कागद लागतो, उजेड लागतो, अर्धा तास एकटं बसता येईल असा कोपरा लागतो, आणि लपवायला जागा लागते. जिथे छळाची पहिली पायरीच अक्षरबंदी असते तिथे रोजनिशी सापडत नाही. जमैकात उसाच्या मळ्यावर मुकादमी करणारा आणि पुढे स्वतःच्या जमिनीचा मालक झालेला टॉमस थिसलवुड १७५० पासून १७८६ पर्यंत रोज लिहीत होता. सदतीस वह्या. गुलामांना दिलेले फटके आणि शिक्षा तो पाऊसपाण्याच्या नोंदीइतक्या थंडपणे लिहितो, आणि गुलाम स्त्रियांवरचे बलात्कार तुटक लॅटिनमध्ये. त्या स्त्रियांची नावं आपल्याला कळतात ती त्याच्या वहीतून. त्यांची स्वतःची एक ओळ नाही. छळणाऱ्याच्या हातचा हा कागद वापरल्यावाचून इलाज नाही, पण तो वापरताना प्रत्येक वाक्याला ‘हे कोण सांगतंय’ हा प्रश्न बांधावाच लागतो. आपल्याकडेही जातीच्या छळाची साक्ष रोजनिशीतून नाही, आत्मकथनांतून आली, तीसुद्धा शाळेचं दार उघडल्यानंतरच्या पिढ्यांकडून. रोजनिशी नाही म्हणून छळ नव्हता, असा युक्तिवाद कोणी केला तर त्याला एवढंच विचारावं, की पाटी कोणी हिसकावली होती.

दुसरी उणीव जिवाची. रोजनिशी जशी साक्षीदार होते तशी माफीचा साक्षीदारही बनवली जाते. स्टालिनच्या राजवटीतली मॉस्कोची शाळकरी मुलगी नीना लुगोव्स्काया हिची रोजनिशी जानेवारी १९३७ मध्ये झडतीत जप्त झाली. पोलिसांनी ‘गुन्हेगारी’ वाक्यांखाली रेघा मारल्या, त्यांच्या आधाराने तिला कोलिमाच्या श्रमछावणीत पाच वर्षांची शिक्षा झाली. ती वही आज उपलब्ध आहे ती त्याच पोलिसी फाईलमुळे, रेघांसकट. क्लेम्पेररांची पानं एव्हा थोडी थोडी करून जवळच्या पिर्ना गावी डॉक्टर आन्नेमारी क्योलर यांच्याकडे पोचवत असत. पानं सापडली असती तर तिघांच्याही जिवावर बेतलं असतं, आणि नोंदींत नावं असलेल्या इतरांच्याही. याचा सल त्यांच्या लिहिण्यातही आहे. म्हणून, साक्ष म्हणून लिहा, असा उपदेश आज छळात असलेल्या कोणाला सहज करू नये. लिहायचंच असेल तर दुसऱ्यांची खरी नावं, पत्ते आणि नाती नोंदीत घालू नयेत, नावांची किल्ली वेगळ्या जागी, शक्यतो वेगळ्या माणसाकडे ठेवावी. फोनमधली रोजनिशी तर जप्तीनंतर काही मिनिटांत संपर्कयादीशी जोडली जाते. कागदाचा कपटा या बाबतीत अजूनही शहाणा आहे.

एकाच्या वहीला जे जमत नाही ते अनेकांच्या वह्यांना जमतं, हे वॉर्सातच इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लूम यांनी ओळखलं. ‘ओनेग शबात’ या नावाखाली शनिवारी जमणाऱ्या गुप्त मंडळाने रोजनिश्या, शाळकरी मुलांचे निबंध, मुलाखती, रेशनकार्डं, पोस्टर, चॉकलेटचे कागद असं सगळं गोळा केलं. कामाला प्रश्नावल्या होत्या, महत्त्वाच्या मजकुराच्या एकाहून जास्त प्रती होत्या. फक्त पुढाऱ्यांचं नाही, निर्वासितांचं, बायकांचं, तस्करी करणाऱ्या पोरांचंही यायला हवं, असा कटाक्ष होता. ३ ऑगस्ट १९४२ रोजी, हद्दपारी जोरात असताना, पहिला भाग दहा पत्र्याच्या पेट्यांत घालून नोवोलिप्की रस्त्यावरच्या ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात पुरला. फेब्रुवारी १९४३ मध्ये दुसरा भाग दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये. रिंगेलब्लूम मार्च १९४४ मध्ये मारले गेले. मंडळातले जेमतेम तिघं वाचले, आणि जागा सांगायला कोणी तरी उरलं म्हणूनच १८ सप्टेंबर १९४६ रोजी पेट्या निघाल्या. कॅन १ डिसेंबर १९५० रोजी सापडले. दोन्ही मिळून सुमारे पस्तीस हजार पानं. तिसरा भाग अजून मिळालेला नाही.

पेट्या आणि कॅन यांतला फरक इथे बारकाईने पाहावा. पत्र्याच्या पेट्या हवाबंद नव्हत्या. पाणी आत शिरलं, पानं एकमेकांना चिकटली, शाई उतरली, छायाचित्रं खराब झाली. दुधाच्या कॅनचं झाकण घट्ट बसणारं, म्हणून आतला कागद बऱ्याच चांगल्या अवस्थेत राहिला. ऑशविट्झमध्ये प्रेतं जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या मार्सेल नाजारी या ग्रीक कैद्याने थर्मासमध्ये घालून पुरलेलं लेखन १९८० मध्ये सापडलं, तेव्हा त्यातला जेमतेम दहावा हिस्सा वाचता येत होता. वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन ती संगणकावर वेगळी करण्याचं तंत्र वापरल्यावर २०१७ पर्यंत बहुतेक सगळा मजकूर उलगडला. म्हणून, आज वाचता येत नाही या कारणासाठी कुठलंही पान टाकून देऊ नये.

घराघरांतून अजूनही वह्या निघतात आणि पहिल्या आठवड्यातच त्यांची वाट लागते. वही सापडली की सगळ्यात आधी ती जिथे जशी होती तसं तिचं छायाचित्र घ्यावं. कोणत्या पेटीत, कशाच्या खाली, सोबत काय. मग एका वेगळ्या कागदावर तारीख घालून लिहावं, की ही कोणाकडून कोणाकडे कशी आली, आणि मधली किती वर्षं कोणालाच माहीत नाहीत. हस्तांतराचा हा माग तुटला की पुढे कितीही रसायनं लावली तरी संशय पूर्ण फिटत नाही. वही ओली असेल तर पानं सोडवायच्या भानगडीत पडू नये. साधारण अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरते, म्हणून तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठवावी आणि जाणकाराकडे न्यावी. उन्हात वाळवली तर पानं वाकतात आणि शाई फिकटते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणं हा सगळ्यात प्रेमळ गुन्हा आहे. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि मजकुरासकट निघतो. लॅमिनेशन तर कायमचं. गंजलेल्या टाचण्या, स्टेपल, रबरबँड हलक्या हाताने काढावेत, पण त्यांनी कोणती पानं एकत्र बांधली होती ते आधी नोंदवावं. पानांवर क्रमांक घालायचाच तर मऊ शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात, अगदी बारीक.

स्कॅन करताना पुठ्ठा, कोरी पानं, आत अडकलेली तिकिटं, सगळं घ्यावं, किमान ४०० पीपीआयला (दर इंचाला ४०० बिंदू) आणि रंगीत. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये नंतर वेगळ्या शाईने केलेली दुरुस्ती दिसत नाही, आणि नेमकं तेच पुढे विचारलं जातं. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी. मजकूर उतरवून घेताना ओळीला ओळ ठेवावी. शुद्धलेखन सुधारू नये, तारखेतली चूक दुरुस्त करू नये, न लागलेल्या शब्दाचा अंदाज चौकोनी कंसात प्रश्नचिन्हासह द्यावा. पुष्कळ घरं इथे चुकतात. आजोबांची भाषा ‘जरा नीट’ करतात, आजीने सासूबद्दल लिहिलेलं गाळतात, शेजाऱ्याचं नाव खोडतात. हेतू चांगला असतो, पुरावा मरतो. लाज वाटण्यासारखा मजकूर झाकायचाच असेल तर मूळ कागदाला हात न लावता अभिलेखागाराशी लेखी ठरवावं, की अमुक पानं अमुक वर्षांपर्यंत कोणाला दाखवायची नाहीत. वीस-तीस वर्षांची अशी मुदत अनेक संस्था मान्य करतात.

इथे सार्वजनिक संस्थांची जबाबदारी सुरू होते, आणि ती त्या टाळतात. अभिलेखागारं नामवंतांचे कागद हौसेने घेतात, अनाम माणसाची वही ‘ऐतिहासिक महत्त्व नाही’ म्हणून परत करतात. पोलंडमधल्या लोड्झ घेट्टोतल्या एका मुलाने मे ते ऑगस्ट १९४४ मध्ये एका फ्रेंच कादंबरीच्या समासांत चार भाषांत रोजनिशी लिहिली. त्याचं नाव आजही कळलेलं नाही. नामवंतांच्या कसोटीला ती उतरली नसती. त्याच घेट्टोतल्या डाविड शेराकोव्याक या मुलाच्या पाच वह्या युद्धानंतर घरातल्या शेगडीपाशी सापडल्या, उरलेल्या बहुधा ऊब मिळवायला जळाल्या होत्या. जे वाचतं ते निवडून वाचलेलं नसतं, योगायोगाने वाचलेलं असतं. त्यामुळे दाराशी आलेलं परत पाठवण्याची चैन संस्थांना परवडणारी नाही.

शिकवण्याबद्दल एक सुचवावंसं वाटतं. वर्गात रोजनिशीचा सगळ्यात करुण उतारा वाचून दाखवायचा आणि शांतता पाळायची, ही पद्धत सोडावी. त्याऐवजी चेर्निआकुफांची २० जुलैची नोंद एकटी द्यावी, पुढचं पान न देता. त्या सकाळी त्यांना काय माहीत होतं, काय कळायला वाव होता, कोण कशासाठी खोटं बोललं असेल, हे मुलांना तेवढ्याच कागदावरून लिहायला सांगावं. मग २२ तारखेची नोंद. मग रेल्वेचं पत्र. तिन्ही कागद टेबलावर आल्यावर कोणी तरी विचारतंच, की एकात सहा हजार आहेत आणि दुसऱ्यात पाच, मग यातलं खोटं कोणतं? उत्तर लगेच सांगून टाकू नये. तास त्या प्रश्नावर संपला तरी चालेल.